फोन कोणाच्या खिशात आहे? चालण्यावरून ओळख पडताळण्याचा पहिला प्रयोग

२०१५ मध्ये गूगलने अँड्रॉइड फोनसाठी एक सोय आणली. एकदा कुलूप उघडले की फोन हातात किंवा खिशात असेपर्यंत उघडाच राहतो आणि टेबलावर ठेवला की बंद होतो. फोन आपल्याला चालीवरून ओळखतो, असा पुष्कळांचा त्यावरून समज झाला. प्रत्यक्षात फोन कोणाच्या तरी अंगावर आहे, हेच ही सोय मुख्यतः जाणते; काही मॉडेलांवर ती चालीचा नमुनाही शिकते, पण फोन मालकाकडेच आहे याची खात्री देत नाही. उघडा फोन दुसऱ्याच्या हाती दिला तर तो त्याच्याकडेही उघडा राहू शकतो. अ‍ॅपल वॉचही मनगटावरून काढले की कुलूपबंद होते, पण ते मनगट कोणाचे हे त्याला ठाऊक नसते. ते ठरते आधी टाकलेल्या पासकोडवरून किंवा जोडलेल्या आयफोनवरून.

हा लेख त्यापुढच्या प्रश्नासाठी आहे. फोन ज्याच्या खिशात आहे तो त्याचा मालकच आहे का, हे चालण्यावरून किती खात्रीने सांगता येते आणि ते स्वतः कसे तपासावे, एवढाच त्याचा विषय आहे. एक स्मार्टफोन, पायथन चालेल असा संगणक, चालायला तयार असलेली आठ माणसे आणि आठवड्याच्या अंतराने दोन सकाळी एवढे भांडवल या प्रयोगाला पुरते. प्रोग्रॅमिंगची तोंडओळख मात्र हवी.

आधी काय मोजले जाते ते

फोनमधील अ‍ॅक्सेलरोमीटर एकमेकांना लंब असलेल्या तीन अक्षांवर त्वरण मोजतो आणि जायरोस्कोप त्याच अक्षांभोवती फोन किती वेगाने वळतो ते मोजतो. फोन स्थिर असला तरी अ‍ॅक्सेलरोमीटर शून्य दाखवत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाचे सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके मूल्य त्याच्या मोजमापात कायम मिसळलेले असते.

चालण्याचे एक पूर्ण चक्र म्हणजे एका पायाची टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतचा काळ. सामान्य गतीने चालणाऱ्या प्रौढ माणसाचे हे चक्र साधारण एका सेकंदात पुरे होते. त्यातील सुमारे ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. टाच टेकताना आलेखावर उंच टोक उमटते. त्या टोकाची उंची, त्यानंतरची थरथर, दोन पायांमधला बारीकसा फरक आणि कंबरेचा हेलकावा यांतून जो आकार तयार होतो तो माणसागणिक थोडा वेगळा असतो. मनगटावरील घड्याळात पायांपेक्षा हाताचा झोका अधिक स्पष्ट दिसतो, त्यामुळे हातात भाजीची पिशवी घेतली की घड्याळातला बराचसा पुरावा नाहीसा होतो. सुरुवात फोनपासून करावी, ती याच कारणाने.

या कल्पनेची प्रयोगशाळेतील कामगिरी किती होती, याचा अंदाज आधीच असलेला बरा. २००५ मध्ये फिनलंडमधील व्हीटीटी या संशोधन संस्थेने ३६ जणांच्या पट्ट्याला पाठीमागे अ‍ॅक्सेलरोमीटर लावून त्यांना हळू, सामान्य आणि जलद चालवले, तेव्हा सर्वांत चांगल्या पद्धतीचा समान त्रुटी दर सुमारे ७ टक्के आला. २०१० मध्ये नॉर्वेतील यॉविक येथे ५१ जणांवर बाजारात मिळणाऱ्या गूगल जी१ फोनने असाच प्रयोग झाला आणि हा दर सुमारे २० टक्क्यांवर गेला. दोन्हीकडच्या पद्धती वेगळ्या असल्याने हे आकडे शेजारीशेजारी ठेवून निकाल देणे योग्य नाही. पण खास बसवलेले उपकरण आणि खिशातला साधा फोन यांत अंतर पडते, हे ध्यानात ठेवावे. समान त्रुटी दर म्हणजे काय ते पुढे येईल; तूर्त तो जितका कमी तितका चांगला, एवढे पुरे.

पहिली पायरी : संमती आणि नोंद

आठही जणांना आपण काय नोंदवणार, ते कोठे ठेवणार आणि केव्हा पुसणार हे आधी सांगून लेखी होकार घ्यावा. फायलींवर नावे न घालता क१, क२ असे संकेत वापरावेत आणि नावांची यादी वेगळी ठेवावी. चालीच्या नोंदीतून माणूस ओळखता येतो, हेच तर आपण सिद्ध करायला निघालो आहोत. तेव्हा ती नोंद निनावी आहे असे आपणच म्हणणे विसंगत ठरेल.

नोंदीसाठी जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठाने तयार केलेले फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप सोयीचे आहे. ते अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर चालते आणि सीएसव्ही फाइल काढून देते. त्यातील गुरुत्वासह त्वरण मोजणारा प्रयोग निवडावा आणि काही सेकंदांनी आपोआप सुरू होऊन ठरावीक वेळाने थांबणारी मोजणी लावावी, म्हणजे फोन खिशात घालताना झालेली हालचाल नोंदीत कमी येते. फोन उजव्या पुढच्या खिशात, पडदा मांडीकडे आणि वरची कड खाली, अशी एकच स्थिती सर्वांसाठी ठरवावी. शक्य असल्यास सर्वांसाठी फोनही एकच वापरावा. प्रत्येकाने स्वतःचा फोन वापरला तर आपला प्रोग्रॅम माणसाऐवजी सेन्सरच ओळखायला शिकेल, कारण दोन सेन्सरांच्या मोजमापात कारखान्यातूनच किंचित फरक असतो.

प्रत्येकाने सपाट रस्त्यावर नेहमीच्या गतीने सहा मिनिटे चालावे आणि त्यांतले पहिले मिनिट टाकून द्यावे. ‘आता चाला’ असे म्हटले की भलाभला माणूस संचलनाला निघाल्यासारखा पाय टाकू लागतो. त्याची मूळ चाल परत यायला तेवढा वेळ लागतो. पुढच्या आठवड्यात हीच नोंद पुन्हा करावी, आणि त्या वेळी पादत्राण बदलावे : पहिल्या दिवशी बूट असतील तर दुसऱ्या दिवशी चप्पल. दिनांक, पादत्राण, कपडे, ओझे आणि जमिनीचा प्रकार प्रत्येक नोंदीसोबत वहीत टिपावा. पुढे एखादा निकाल विचित्र आला, तर त्याचे कारण बहुधा याच वहीत सापडते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. या विषयावरचे पुष्कळसे प्रयोग पँटच्या खिशातला किंवा पट्ट्याला लावलेला फोन गृहीत धरतात. साडीला खिसा नसतो, पंजाबी ड्रेसलाही अनेकदा नसतो, आणि फोन खांद्यावरच्या पर्समध्ये किंवा हातात असतो. पर्समधला फोन पर्सचा झोका मोजतो. त्यात मालकिणीची चाल पुसट होऊन मिसळलेली असते. आपल्या आठ जणांत अशा किमान दोघीतिघी असाव्यात आणि त्यांचे निकाल वेगळे मांडावेत. सरासरीत ते बुडून गेले, तर जी पद्धत निम्म्या लोकांना चालत नाही ती चांगली म्हणून पुढे जाईल.

माणसे जमवणे शक्य नसेल तर तयार नोंदसंच आहेत. अमेरिकेतील फोर्डम विद्यापीठाच्या विस्डम प्रयोगशाळेच्या २०१९ च्या संचात ५१ जणांच्या १८ कृती फोन आणि घड्याळ अशा दोन्हींवर, सेकंदाला २० नोंदींच्या वेगाने घेतलेल्या आहेत. जपानमधील ओसाका विद्यापीठाच्या संचात ७४४ जण आहेत. नवखे लोक बहुधा ३० जणांचा यूसीआय हार हा संच प्रथम उतरवतात आणि फसतात. तो चालणे, बसणे, जिना चढणे अशा कृती ओळखण्यासाठी बनवलेला आहे आणि त्याच्या सराव-भागात, म्हणजे प्रोग्रॅमला शिकवण्यासाठीच्या नोंदींत, २१ माणसे तर चाचणी-भागात निराळीच ९ माणसे आहेत. ओळख पडताळण्यासाठी एकच माणूस दोन्ही भागांत असावा लागतो, त्यामुळे ती तयार विभागणी मोडून माणसागणिक नवी करावी लागते.

दुसरी पायरी : नोंद स्वच्छ करणे

फोन सेकंदाला ५० नोंदी देतो असे म्हटले तरी त्या समान अंतराने येत नाहीत. मध्येच फोन दुसऱ्या कामात गुंतला की अंतर वाढते. म्हणून फाइलमधील वेळेचा स्तंभ वापरून, दोन नोंदींच्या मधली मूल्ये अंदाजाने भरून, सेकंदाला बरोबर ५० नोंदींची नवी मालिका तयार करावी. पाच मिनिटांच्या १५,००० ओळी मिळतील. चालण्यातील उपयुक्त माहिती जवळजवळ सगळी २० हर्ट्झच्या आत असते, त्यामुळे त्यावरचा भाग पायथनच्या सायपाय या संग्रहातील बटरवर्थ नावाच्या गाळणीने काढून टाकावा, आणि गाळणी पुढून आणि मागून अशी दोनदा फिरवावी, म्हणजे टोके जागची सरकत नाहीत.

फोन खिशात थोडा फिरला तरी निकाल बदलू नये, यासाठी तिन्ही अक्षांच्या मूल्यांचे वर्ग मिळवून त्यांचे वर्गमूळ काढावे. या एकाच संख्येला दिशा नसते. उभे राहिल्यावर ती ९.८ च्या आसपास असते आणि चालताना तिच्याभोवती वरखाली होते. कंबर कोणत्या बाजूला झुकते ही माहिती त्यात हरवते खरी, पण पहिल्या प्रयोगात तेवढे नुकसान सोसावे.

त्यानंतर, चालणे नसलेला भाग काढून टाकावा. खड्ड्यांच्या रस्त्यावरची रिक्षादेखील फोन जोरात हलवते, म्हणून केवळ हालचालीचा जोर पाहून चालत नाही. ती हालचाल ठरावीक लयीत पुन्हापुन्हा येते का, हे पाहावे लागते.

तिसरी पायरी : चक्र शोधणे आणि साचा बनवणे

ही लय शोधण्यासाठी मालिकेतून आधी तिची सरासरी वजा करावी आणि मग ती स्वतःवरच थोडी थोडी सरकवून किती जुळते ते मोजावे. साधारण अर्ध्या सेकंदाला एक टोक येते आणि एका सेकंदाला दुसरे. पहिले टोक एका पावलाचे, दुसरे पूर्ण चक्राचे. फोन उजव्या खिशात असल्याने उजवे आणि डावे पाऊल त्याला वेगवेगळे जाणवते, त्यामुळे दुसरे टोक सहसा अधिक उंच असते आणि आपल्याला तेच हवे असते. नवखा माणूस पहिले टोक धरतो. मग उजवी-डावी पावले एकत्र मिसळून साचा गढूळ होतो.

चक्राची लांबी कळली की मालिका चक्राचक्रांत कापावी, प्रत्येक चक्र ताणून किंवा आवळून १०० बिंदूंचे करावे, इतरांपासून फार वेगळी दिसणारी चक्रे वगळावीत आणि उरलेल्यांच्या प्रत्येक बिंदूचे मध्यक घ्यावे. मिळणारी वक्ररेषा म्हणजे त्या माणसाचा साचा. नवे चक्र आले की साच्यापासून त्याचे अंतर मोजायचे. अंतर ठरवलेल्या उंबरठ्याच्या आत असेल तर स्वीकार, नाहीतर नकार. किंचित लवकर किंवा उशिरा आलेली टोके सांभाळून घेणारी डायनॅमिक टाइम वॉर्पिंग ही अंतर मोजण्याची पद्धत येथे चांगली चालते. पायथनच्या सायकिट-लर्न या संग्रहातील वर्गीकरणाच्या पद्धती, किंवा त्यापुढची खोल जाळी (डीप न्यूरल नेटवर्क), नंतर वापराव्यात. साच्याच्या पद्धतीत चूक डोळ्यांना दिसते, कारण दोन वक्ररेषा एकमेकींवर ठेवून पाहता येतात.

चौथी पायरी : चूक प्रामाणिकपणे मोजणे

या पायरीला बाकी सर्व पायऱ्यांइतका वेळ द्यावा, कारण या क्षेत्रातला नवख्यांचा ९९ टक्के अचूकतेचा आनंद बहुतेक वेळा येथेच केलेल्या चुकीतून आलेला असतो.

चुका दोन प्रकारच्या असतात. मालकालाच परका समजणे हा चुकीचा नकार आणि परक्याला मालक समजणे हा चुकीचा स्वीकार. उंबरठा कडक केला की पहिली चूक वाढते, सैल केला की दुसरी. ज्या उंबरठ्यावर दोन्ही दर सारखे होतात तेथील दराला समान त्रुटी दर म्हणतात. समजा, मालकाच्या २०० प्रयत्नांपैकी १४ नाकारले गेले आणि परक्यांच्या ३०० प्रयत्नांपैकी २१ स्वीकारले गेले, तर दोन्ही दर ७ टक्के आहेत आणि समान त्रुटी दरही ७ टक्के. नुसती ‘अचूकता’ हा आकडा येथे उपयोगाचा नाही. परक्यांचे प्रयत्न मालकापेक्षा दहापट घेतले, तर सगळ्यांना नकार देणारा प्रोग्रॅमही ९० टक्क्यांहून अधिक अचूक ठरतो.

आता फसवणूक कोठे शिरते ते पाहू. पुष्कळ जण मालिका २५६ नोंदींच्या, म्हणजे ५.१२ सेकंदांच्या, खिडक्यांत कापतात आणि प्रत्येक खिडकी आधीच्या खिडकीशी निम्मी जुळलेली ठेवतात; पाच मिनिटांतून अशा ११६ खिडक्या निघतात. मग त्या पिसून काही सरावासाठी आणि काही चाचणीसाठी घेतात. शेजारच्या दोन खिडक्यांत निम्म्या नोंदी त्याच असल्याने चाचणीचा पेपर सरावातच फुटलेला असतो. खिडक्या वेगळ्या ठेवल्या, पण दोन्ही भाग एकाच सकाळचे असले, तरी प्रोग्रॅम त्या दिवशीची पँट, तो बूट आणि खिशातली फोनची तिरकी बैठक ओळखत असतो. चाल ओळखतो असे आपल्याला वाटते एवढेच. म्हणून साचा पहिल्या दिवसाचा आणि चाचणी दुसऱ्या दिवसाची, हा नियम मोडू नये. आकडा वाईट येईल. तोच खरा आकडा.

अशीच तिसरी फसवणूक परक्यांच्या बाबतीत होते. आठ जणांपैकी एक मालक धरला, चौघांच्या नोंदी ‘मालक नसलेले लोक’ म्हणून सरावात घेतल्या, तर चुकीचा स्वीकार मोजताना उरलेल्या तिघांनाच परके म्हणून वापरावे. चोर आपल्या सरावसंचात आधी येऊन नोंद देत नाही. मालक आणि गट आळीपाळीने बदलून प्रयोग आठ वेळा करावा, आणि प्रत्येक माणसाचा दर वेगळा लिहावा. एखाददुसऱ्या माणसाच्याच वाट्याला बहुतेक सगळे चुकीचे नकार येतात, असे पुष्कळदा दिसते.

आणि शून्य चुका आल्या तर? परस्परांपासून स्वतंत्र अशा १०० प्रयत्नांत एकही चूक झाली नाही, तरी खरा दर ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो, असे संख्याशास्त्रातील एक सोपा नियम सांगतो. आठ माणसांची चक्रे परस्परांपासून स्वतंत्रही नसतात, त्यामुळे आपली खात्री त्याहून कमीच धरावी.

पाचवी पायरी : एका खिडकीवरून निर्णय न घेणे

खिडकीमागे ७ टक्के चुकीचा नकार ऐकायला बरा वाटतो. पण मालक २० मिनिटे चालला तर न जुळणाऱ्या ५.१२ सेकंदांच्या सुमारे २३४ खिडक्या होतात आणि त्यांतल्या १६ खिडक्यांमध्ये फोन त्याला परका समजेल. सकाळच्या एका फेरीत १६ वेळा पिन मागणारा फोन कोणी वापरणार नाही. म्हणून शेवटच्या दहा खिडक्यांच्या अंतरांची सरासरी घेऊन निर्णय द्यावा. चुका कमी होतात, पण गणित सांगते तितक्या नाहीत, कारण उतार किंवा वाळू लागली की सलग अनेक खिडक्या एकदम बिघडतात. शिवाय दहा खिडक्या म्हणजे ५१ सेकंद. तेवढा वेळ चोराच्या हाती उघडा फोन राहिला. हा सौदा किती वेळाचा करायचा हे वापरावर अवलंबून आहे, आणि ते ठरवल्याशिवाय उंबरठा ठरवण्यात अर्थ नाही.

माझ्या मते चालीला कुलपाची किल्ली समजूच नये. चाल जुळली म्हणून बँकेचा व्यवहार उघडणे चुकीचे. चाल जुळत नाही म्हणून पिन किंवा बोटाचा ठसा पुन्हा मागणे योग्य. बसलेल्या माणसाची चाल नसतेच, तेव्हा कोणी न चालता फोन वापरत असेल तर जुना विश्वास मिनिटागणिक कमी होत जावा, अशी तजवीज हवी.

सहावी पायरी : मुद्दाम केलेली नक्कल

आठ जणांपैकी दोघांना मालकाची चाल पाहून तशी नक्कल करायला सांगावे. नॉर्वेतील यॉविकच्याच संशोधकांनी २००७ मध्ये १०० जणांच्या नोंदींवर केलेल्या अभ्यासात साध्या नकलेने हल्लेखोराला फारसा फायदा झाला नाही. मात्र आपली चाल मुळातच कोणाच्या चालीशी जुळते हे ज्याला ठाऊक होते, त्याचा धोका मोठा ठरला. २०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी नकलाकारांना ट्रेडमिलवर गती, पावलाची लांबी आणि मांडीची उचल बदलत बदलत सराव दिला, तेव्हा चुकीचे स्वीकार कितीतरी पटींनी वाढले. घरच्या नकलेत प्रोग्रॅम टिकला, म्हणून तो सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढू नये.

सातवी पायरी : अ‍ॅपमध्ये नेताना

आतापर्यंतचे काम संगणकावर झाले. फोनवर नेताना तीन अडचणी प्रथम येतात. अँड्रॉइडच्या ९ व्या आवृत्तीपासून पडद्यावर नसताना पार्श्वभूमीवर चालणाऱ्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेलरोमीटरच्या सलग नोंदी मिळत नाहीत. त्यासाठी वापरकर्त्याला सूचनापट्टीत दिसणारी सेवा चालू ठेवावी लागते. १२ व्या आवृत्तीपासून सेकंदाला २०० पेक्षा अधिक नोंदी हव्या असल्यास वेगळी परवानगी जाहीर करावी लागते, पण आपल्याला ५० पुरतात. आयफोनवर त्वरण गुरुत्वाच्या एककात येते आणि त्याचे चिन्ह अँड्रॉइडच्या उलट असते : पडदा वर करून ठेवलेल्या फोनचा झेड अक्ष तेथे उणे १ दाखवतो. बॅटरीसाठी, हालचालीचा जोर वाढल्यावरच पुढची गणिते सुरू करावीत.

साचा फोनबाहेर पाठवू नये. अँड्रॉइडच्या कीस्टोअर या किल्ल्या सुरक्षित ठेवणाऱ्या सोयीतील किल्लीने तो कूटबद्ध करून फोनवरच ठेवावा. कच्च्या नोंदी तर मुळीच साठवू नयेत. फोनच्या हालचालींवरून पडद्यावर कोणती कळ दाबली याचा अंदाज करता येतो हे २०११ मध्येच दाखवले गेले आहे, आणि २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जायरोस्कोपमधून जवळच्या बोलण्याचा मागमूस काढून दाखवला.

भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेली हाताळणी त्याच्या बाहेर राहते, पण अ‍ॅप लोकांना दिले की ती सवलत संपते. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कारणापुरती आणि देण्याइतक्याच सहजपणे मागे घेता येण्याजोगी असावी लागते, आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. युरोपीय संघातील वापरकर्ते असतील, तर तेथील कायद्यात माणसाची ओळख पटवण्यासाठी वापरलेला बायोमेट्रिक डेटा विशेष वर्गात मोडतो, हेही पाहावे.

शेवटचा मुद्दा साचा अद्ययावत ठेवण्याचा. गुडघा दुखू लागतो, वजन बदलते, पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर पावले आखूड पडतात आणि गरोदरपणात तर चाल महिन्यागणिक बदलते, त्यामुळे जुना साचा हळूहळू निरुपयोगी होतो. प्रत्येक स्वीकारलेल्या चक्राने साचा आपोआप बदलत ठेवला, तर मात्र चुकून आत शिरलेला परका स्वतःच्याच चालीने साचा घडवू लागतो. म्हणून साच्यात भर घालायची ती केवळ पिन किंवा ठसा बरोबर दिल्यानंतरच्या काही मिनिटांच्या चालण्याची, आणि जुना साचा काही काळ बाजूला ठेवून. आठही जणांना तीन महिन्यांनंतरची एक सकाळ आजच सांगून ठेवावी. तोवर उंबरठ्याला हात लावू नये.